आक्रमण कसे करावे, हे ठरवणाऱ्यांना

प्रति,
समस्त काठावरचे प्रशिक्षक,
कल्याण नाका, पद्मानगर, अंजूरफाटा, राहनाळ, पूर्णा, काल्हेर व कशेळी,
भिवंडी शहर आणि तालुका.

विषय : अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री कबड्डी संघाची आक्रमणशैली बदलून देण्याबाबत.

महोदय,

कबड्डीचा अंतिम सामना जवळ आला की भिवंडीत दोन पक्ष पडतात. धडक पक्षाच्या मते चढाईपटूने मध्यरेषा ओलांडली की गडी मारूनच परतावे; रिकाम्या हाताने येणे हा गावाचा अपमान. सबुरी पक्षाच्या मते शहाणा चढाईपटू हात न लावता येतो, वेळ खातो आणि सामना समोरच्याच्या चुकांवर सोडतो. हा वाद यंत्रमागाची पाळी सुटल्यावर टपरीवर, गोदामाबाहेर खोळंबलेल्या ट्रकच्या आडोशाला आणि आगरी गावांत मैदानाच्या दोरीला टेकून चालतो. तो मराठी, उर्दू आणि तेलुगूत होतो. तिन्ही भाषांतले सल्ले एकाच चढाईत पाळण्याची सोय मात्र चढाईपटूकडे अजून नाही.

काठावरच्या प्रशिक्षकाचा अधिकार निर्विवाद आहे. त्याला दम धरावा लागत नाही, त्यामुळे त्याचा ‘कबड्डी कबड्डी’चा घोष कधी तुटत नाही. त्याचा घोटा कोणी पकडत नाही, त्यामुळे ‘पाय काढ!’ हा त्याचा आदेश नेहमी वेळेवर येतो. तरीही काही किरकोळ बाबी त्याच्या नजरेआड राहतात. त्या येथे क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली बाब मैदानाची. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा असते. कोणाला स्पर्श न करता आणि ही रेषा न ओलांडता परतणारा चढाईपटू बाद ठरतो. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा आणि त्यानंतर अंतिम रेषेपर्यंत जेमतेम पावणेदोन मीटर. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची लॉबी झटापट होईपर्यंत बंद. सात जणांनी राखलेल्या एवढ्या जागेत ‘जरा आत घुस’ आणि ‘जरा लांब राहा’ या दोन सूचनांमध्ये पावलाभराचाच फरक उरतो.

दुसरी बाब वेळेची. 20 मिनिटांचे दोन डाव आणि एका चढाईला 30 सेकंद. प्रत्येक चढाईत पूर्ण वेळ घेतला, तर एका संघाच्या वाट्याला साधारण 40 चढाया येतात. चढाईपटू मागावरच्या धोट्यासारखा असतो. नुसते पलीकडे जाऊन त्याचे काम होत नाही, परतही यावे लागते. आघाडीवरच्या संघाने दोन चढाया रिकाम्या सोडल्या की घड्याळाचे एक मिनिट सरते. सबुरी पक्षाचे सगळे तत्त्वज्ञान या एका मिनिटावर उभे आहे आणि तेवढ्यापुरते ते बरोबरही आहे.

मात्र 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने घरोघरी पोहोचवलेला तिसऱ्या चढाईचा नियम त्या तत्त्वज्ञानाला थारा देत नाही. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण घ्यावाच लागतो. नाहीतर चढाईपटू बाद आणि गुण समोरच्याला. म्हणजे सबुरीची मुदत दोन चढायांची. त्यानंतर धडक पक्षात प्रवेश सक्तीचा असतो, त्यासाठी टपरीवर ठराव लागत नाही.

तिसरी बाब माणसे मोजण्याची. वादात ती जवळजवळ कोणीच काढत नाही. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. त्या गुणाने समोरचा कोणी बाद होत नाही आणि आपला बाद झालेला गडीही परत येत नाही. स्पर्शाने मात्र दोन्ही होते. त्यामुळे आपले चौघे बाहेर बसलेले असताना ‘बोनस घे!’ असे ओरडणाऱ्याने गुणफलक वाचलेला असतो, मैदान नव्हे. समोर तिघे किंवा त्याहून कमी उरले की लोण, म्हणजे सगळा संघ बाद करणे, जवळ येतो आणि त्याचे दोन जादा गुण खुणावू लागतात. पण त्याच क्षणी अव्वल पकडीचा नियमही लागू होतो आणि फसलेली चढाई दोन गुणांना पडते. सर्वांत मोठा लाभ आणि सर्वांत मोठा धोका असे एकाच वेळी समोर येतात. शैली म्हणून जी मिरवली जाते, ती बहुतेक वेळा समोर किती जण उभे आहेत याचे उत्तर असते.

जुन्या जाणत्यांना हे नवे नाही. हुतुतूच्या काळात संजीवनी, गामिनी आणि अमर अशा तीन पद्धती होत्या. संजीवनीत बाद झालेला गडी परत येई, गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसावे लागे आणि अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे. एकच खेळाडू गामिनीत जपून आणि अमरमध्ये बेधडक खेळला, तर त्याचा स्वभाव बदलला असे कोणी म्हणत नसे.

पुराव्याबाबत दोन्ही पक्ष दक्ष असतात. आपल्या सोयीचा हंगाम तेवढा लक्षात ठेवतात. धडक पक्षाचा प्रो कबड्डीतला हंगाम 2017चा. त्यात परदीप नरवालने चढायांचे 369 गुण मिळवले आणि त्याच्या पाटणा पायरेट्सने अंतिम सामना 55-38 असा जिंकला. सबुरी पक्ष 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत झालेला अंतिम सामना सांगतो. अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे रोखले. त्याच वर्षी डिसेंबरअखेर पुढचा हंगाम संपला. त्यात पाटण्याच्या देवांकने 301 गुणांसह चढाईपटूंत पहिला क्रमांक मिळवला. अंतिम सामन्यात मात्र अख्ख्या पाटण्याला 23 गुणच मिळाले आणि हरियाणा 32 गुणांवर विजेता ठरला. 2024च्या या दोन्ही विजेत्या संघांत इराणचा मोहम्मदरेझा शादलुई होता आणि त्याची ख्याती पकडीसाठी आहे. ‘आक्रमण कसे करावे’ या वादात आपल्या कोपऱ्यात कोण उभे आहे, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसतो.

नियमांच्या अर्थाबाबतही काठावरचे प्रशिक्षक पंचांच्या पुढे आहेत. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना 28-28 असा असताना भारताचा पवन सेहरावत तिसऱ्या चढाईत स्पर्श न करता लॉबीत गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे गेले. गुण कोणाला, यावर सुमारे तासभर खेळ थांबला. अखेर भारत 33-29 असा जिंकला. कल्याण नाक्यावर हा निकाल निम्म्या कटिंगमध्ये लागला असता, फक्त दोन वेगवेगळे निकाल लागले असते.

सबब पुढील विनंत्या करण्यात येत आहेत. चढाई सुरू असताना प्रत्येक पक्षाने एकच सूचना द्यावी. ती आधीच्या सूचनेच्या विरुद्ध असल्यास पुढच्या चढाईपर्यंत राखून ठेवावी. सूचना देण्यापूर्वी समोरचे बचावपटू मोजावेत. बोटे पुरतात, कारण आकडा सातच्या वर जात नाही. पकड करणाऱ्यांसाठीही एखादी शैली सुचवावी. सध्या त्यांना फक्त पराभवानंतर आठवले जाते. संघ जिंकल्यास श्रेय दोन्ही पक्षांनी समान वाटून घ्यावे. हरल्यास संघाला आक्रमण कळत नाही हा ठराव नेहमीप्रमाणे एकमताने मंजूर करावा; दोन्ही पक्षांचे एकमत होणारा तो एकच ठराव आहे.

कळावे,
चढाईपटूंच्या वतीने,
एक राखीव खेळाडू