रुमाल सोडून पाहावा लागेल

संगणकावर एखादी चित्रफीत चालेनाशी झाली की तिच्या मालकाच्या दुःखातच ज्याचा उत्कर्ष होतो असा एक गृहस्थ प्रत्येक गावात असतो. धाराशिवात तो आमच्या वाट्याला पेशकारसाहेबांच्या रूपाने आला आहे. पेशकारी वस्तुतः त्यांच्या आजोबांची, निजामाच्या अमदानीतली. साहेब स्वतः तहसिलीच्या अभिलेख कक्षात कारकून म्हणून लागले आणि तेथूनच निवृत्त झाले. मात्र उभी हयात तांबड्या रुमालांतली दप्तरे सोडण्या-बांधण्यात गेल्यामुळे सृष्टीतील यच्चयावत् वस्तू कोणत्या ना कोणत्या रुमालातच असते, अशी त्यांची दृढ समजूत होऊन बसली आहे.

घरी पाहुणे खोळंबलेले असावेत, आपण धावत जाऊन पेनड्राइव्ह पुढे करावा, आणि साहेबांनी सावकाश चष्मा पुसत म्हणावे, "रुमाल सोडून पाहावा लागेल." मग निरूपण सुरू. एमपी-फोर, एव्हीआय, एमकेव्ही हे नुसते रुमाल. आतला कागद कोणत्या लिपीत आहे, ही बाब निराळी. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, सबब आमच्या जुन्या दप्तरांतून उर्दू निघते, मोडीही निघते, आणि वाचणारा नसेल तर कागद निर्दोष असूनही जमीन कोणाची ते उमगत नाही. कोडेक म्हणजे तो वाचणारा. एका शेजाऱ्याकडे भाच्याने आयफोनवर टिपलेले बारसे नुसतेच ऐकू येत होते, दिसत नव्हते. 2017 पासूनचे बहुतेक आयफोन एचईव्हीसी या नव्या लिपीत चित्रण करतात आणि विंडोजला ती वाचण्यासाठी पुष्कळदा वेगळी जोडणी द्यावी लागते, एवढेच निदान होते. परंतु शेजाऱ्याने आधीच फाइलीच्या नावाची शेपटी बदलून पाहिली होती. "रुमालावरची चिठ्ठी कोणी बदलली?" या प्रश्नाचा पंचनामा पुरा होऊन साहेब निदानापर्यंत पोहोचले, तोवर बाळ आईसह सासरी रवाना झाले होते.

कळंबच्या एका विवाहात ऐन मंगलाष्टकांत कॅमेऱ्याची बॅटरी संपली. फाइल चांगली तीन जीबीची, पण उघडेना. एमपी-फोरमध्ये कोणता क्षण कोठे आहे याची अनुक्रमणिका बहुधा चित्रण थांबविताना, अगदी शेवटी लिहिली जाते. साहेबांच्या शब्दांत, कारकून शेवटची फर्द न लिहिताच उठून गेला. अशा वेळी त्याच कॅमेऱ्याने त्याच मांडणीत टिपलेली एखादी धडधाकट फाइल मिळाली, तर तिच्या नमुन्यावरून हरवलेली अनुक्रमणिका पुष्कळदा पुन्हा जुळविता येते. साहेबांनी वधूपित्याकडे 'जामीन' मागितला. उमरग्याला दुसऱ्या लग्नात गुंतलेल्या छायाचित्रकाराने जो जामीन धाडला, तो एका उमेदवाराच्या प्रचारफेरीचा निघाला. आणि त्याच्या आधारे वधूवरांमधला अंतरपाट एकदाचा दूर झाला. उमेदवार कोणाच्या उपयोगी पडल्याचे माझ्या पाहण्यातले हे एकमेव उदाहरण.

पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी 1996 साली आरंभिलेला, नारिंगी शंकूच्या चिन्हाचा व्हीएलसी बहुतेक लिपी स्वतःच वाचतो, आणि प्रथम त्यातच फाइल उघडली तर निम्म्याहून अधिक प्रकरणे जागच्या जागी निकालात निघतील, हे साहेबांना पूर्ण ठाऊक आहे. म्हणूनच ते शेवटी सांगतात. 2022 मध्ये त्याचे संकेतस्थळ भारतात बंद होते, ते नोव्हेंबरात खुले झाले. दरम्यान साहेबांनी आपल्याजवळची प्रत गावभर वाटली, आणि जन्मभर हुकमाची तामिली केलेल्या या मनुष्याला हुकूम मोडल्याचा जो आनंद झाला तो अवर्णनीय होता. अटकाव संकेतस्थळापुरता आहे, प्रत बाळगण्यास नाही, हे मी निदर्शनास आणले. ते त्यांना रुचले नाही.

मी हे सारे याच सुरात लिहून मोकळा झालो असतो. परंतु मध्यंतरी सास्तूरच्या एक आजी त्यांच्याकडे आल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने ते गाव जमीनदोस्त केले. त्याच्या दोन वर्षे आधी झालेल्या लेकीच्या लग्नाची फीत तिच्या सासरी तुळजापुरास होती म्हणून वाचली, पुढे तिची व्हीसीडी झाली, आणि आता चरे पडलेली ती तबकडी संगणक अर्ध्यावर टाकून देत होता. साहेब रुमालाविषयी अवाक्षर बोलले नाहीत. व्हीसीडीच्या जुन्या लिपीला शेवटच्या अनुक्रमणिकेची गरज नसते, कोठूनही फाटली तरी उरलेले वाचता येते. न वाचणारे तुकडे वगळीत त्यांनी बाकीचे उतरवून घेतले. पडद्यावर मांडव आला, वरात आली, वरातीमागे माळवदांची गल्ली आली. आजी बोट ठेवून सांगू लागल्या, "ह्ये आमचं. ह्ये पाटलाचं. ह्यो पोरगा ऱ्हायला न्हाई." साहेबांनी कोरा कागद ओढला, रकाने आखले, आणि मिनिट, सेकंद, घर, धनी अशी नोंद सुरू केली. जेवणवेळ टळून गेली तरी यादी पुरी होईना. डावीकडच्या तिसऱ्या माळवदाचा धनी आजींना काही केल्या आठवेना, तेव्हा साहेबांनी तो रकाना कोरा सोडला आणि सास्तूरच्या एका जुन्या तलाठ्याला फोन लावला.