रिफ्रेशराव

पेनड्राइव्ह लावला, संगणकाने नुसतं 'टुंग' केलं आणि पुढे काहीच घडलं नाही, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "अहो, त्यांना बोलवा ना." त्यांना म्हणजे कुणाला, हे मी सांगायला नको. तुमच्याकडे ते बी विंगमध्ये राहत असतील, आमच्याकडे ए विंगमध्ये राहतात, एवढाच काय तो फरक. स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. शर्टाच्या खिशात बारका स्क्रूड्रायव्हर. किल्ल्यांच्या जुडग्यात दोन पेनड्राइव्ह, एक 'कामाचा' आणि एक 'बूटेबल'. बूटेबलला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि बेल वाजवण्याची वेळ बरोब्बर आपण भातावर वरण घेतलेलं असतं ती.

आमच्या गृहस्थांचं खरं नाव भारदस्त आहे, पण सोसायटीतल्या पोरांनी ते कधीच रद्द केलं. पोरं त्यांना रिफ्रेशराव म्हणतात. आले, आपल्याला खुर्चीतून उठवलं, माऊस ताब्यात घेतला, की डेस्कटॉपवरच्या मोकळ्या जागी राइट क्लिक करून रिफ्रेश. परत राइट क्लिक, रिफ्रेश. पाच-सहा वेळा. मग मन भरलं नाही तर एफ-फाइव्हची कळ, तीही एकदा दाबून सोडतील तर शपथ. पडद्यावरची चित्रं बिचारी लुकलुकतात. एवढं झाल्यावर खुर्ची मागे सरकवून विचारणार, "हं. आता सांगा, काय होतंय?"

रिफ्रेशने काय होतं, तर खरं म्हणजे काहीच होत नाही. विंडोज त्या जागेवरची यादी पुन्हा वाचतं आणि चित्रं पुन्हा काढतं, संपलं. संगणक वेगवान होत नाही, मेमरी मोकळी होत नाही, रुसलेला पेनड्राइव्ह तर अजिबात प्रसन्न होत नाही. हे माझ्या भाच्याने एकदा त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, उत्तर सुचेपर्यंत तीनदा रिफ्रेश केलं आणि म्हणाले, "तुमचं पुस्तकी ज्ञान झालं. मशीनला मोकळं वाटतं."

ही सवय संगणकापुरती असती तर पोरांनी एवढं लावून धरलं नसतं. लिफ्टचं बटण लागलेलं असतं, लाल दिवा पेटलेला असतो, तरी हे दाबतच राहतात. पासबुक छापून बाहेर आलं की लगेच परत आत. साबुदाणा भिजला का हे बघायला दर दहा मिनिटांनी झाकण उचलतात म्हणून त्यांच्या मिसेसनी स्वयंपाकघरात त्यांना एकादशीपुरती बंदी केली आहे. एकदा मात्र नडलं. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं, तात्काळ तिकीट काढायला बसले, सगळं जुळून आलं, आणि पैसे भरायच्या पानावर सूचना आली की कृपया रिफ्रेश किंवा बॅक बटण दाबू नये. मिसेस सांगतात की त्यांनी अर्धा मिनिट दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मग एक हात सुटला. पैसे कापले गेले, तिकीट आलं नाही. पैसे आठवड्याने परत आले. मेहुण्याच्या बायकोचं बोलणं अजून पूर्ववत झालेलं नाही.

बरं, माणूस अडाणी म्हणावा तर तसंही नाही, आणि माझा खरा राग तिथेच आहे. पेनड्राइव्ह का दिसत नाही हे या माणसाला बसल्या जागी कळतं. नुसत्या आवाजावरून. वैद्याने नाडी धरावी तसे ते डोळे मिटून कान लावतात. दोन सुरांचा चढता आवाज आला तर संगणकाला काहीतरी लागल्याचं समजलंय, भानगड पुढे आहे. तेच बसके सूर लागोपाठ ठणठणले तर ओळखच पटलेली नाही. आणि आवाजच नाही तर पोर्ट मेलंय, नाहीतर पेनड्राइव्ह. "पुढच्या पोर्टला लावलात ना? तिथेच चुकलं," असं म्हणत ते टेबलाखाली आडवे होतात. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतून लांब वायर जाते, ती सैल असते, वीज नीट पोचत नाही. मागचं पोर्ट थेट मदरबोर्डवर. म्हणून मागेच लावायचं. हे बरोबर आहे. आमच्या निम्म्या सोसायटीचे पेनड्राइव्ह एवढ्यानेच बरे झालेत. पण हे सगळं ते टेबलाखालून बोलत असतात, आपण मोबाइलचा टॉर्च धरून वाकलेलो असतो आणि आपल्या घरात त्या कोपऱ्यात किती धूळ आहे यावरही शेरे चालू असतात.

यूएसबी पहिल्या फटक्यात कधीच आत जात नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. सरळ लावावं, जात नाही. उलटं करावं, जात नाही. पुन्हा सरळ करावं, जातं. इथे रिफ्रेशरावांचं ठरलेलं प्रवचन सुरू होतं. १९९६ साली यूएसबी आलं, ते घडवणाऱ्या इंटेलमधल्या मंडळींत अजय भट्ट पुढे होते आणि ते शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. "म्हणजे गायकवाडांचं. म्हणजे आपलंच!" दोन्ही बाजूंनी लागणारं करायचं तर तारा दुप्पट, खर्च दुप्पट, म्हणून त्या वेळी ते केलं नाही, असं भट्टांनीच पुढे सांगितलंय. हे प्रवचन ऐकून घेतल्याशिवाय पेनड्राइव्ह बरा होत नाही, असा आमच्याकडचा रिवाज आहे. माझ्या बायकोला ते पाठ आहे. ती आतूनच "गायकवाडांचं" म्हणते आणि चहा टाकते.

मागचं पोर्टही चाललं नाही, तर मग खरी तपासणी. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, पिवळा त्रिकोण शोधायचा, त्या अनोळखी पाहुण्याला अनइन्स्टॉल करून संगणक बंद-चालू करायचा. तरी नाही, तर डिस्क मॅनेजमेंट. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या आदल्या रात्री सेक्रेटरींचा हिशेबाचा पेनड्राइव्ह असाच हरवला होता. दिवा लागतोय, आवाज येतोय, पण 'माय कॉम्प्युटर'मध्ये नाव नाही. सेक्रेटरी घामाघूम, खजिनदार मात्र का कोण जाणे, बऱ्यापैकी निवांत. रिफ्रेशरावांनी पाहिलं, तर पेनड्राइव्ह आपला शांत बसलेला होता, त्याला फक्त अक्षर मिळालं नव्हतं. त्याचं ई, एफ जे काय असेल ते ऑफिसच्या नेटवर्कवरच्या फोल्डरने आधीच बळकावलेलं. त्यांनी त्याला झेड दिलं. पेनड्राइव्ह उगवला, हिशेब उगवला. खजिनदारांचा निवांतपणा मावळला, पण ते प्रकरण पुढे.

झेरॉक्सच्या दुकानाचा विषय त्यांच्यासमोर काढू नये. लग्नाचा बायोडाटा छापायला पेनड्राइव्ह तिथे गेला की परत येताना आजार घेऊन येतो. सगळ्या फोल्डरांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. घरचे रडकुंडीला, फोटो गेले, सगळं गेलं. गेलेलं काही नसतं, व्हायरसने मूळ फोल्डर फक्त लपवलेले असतात. रिफ्रेशराव काळी खिडकी उघडून 'अ‍ॅट्रिब, मायनस एच, मायनस आर, मायनस एस' पुटपुटत एक ओळ टाइप करतात आणि फोल्डर पटापट जागेवर येतात. मग त्या शॉर्टकटवर क्लिक कुणी केलं याची चौकशी होते. गुन्हेगार सापडेपर्यंत ते उठत नाहीत. आमच्या समोरच्या घरात त्यावरून सासू-सुनेचं वाजलं होतं.

एवढं असूनही मी त्यांना टाळत असे. माणूस कामाचा, पण त्या कामापायी आपली संध्याकाळ जाते, वर आपल्याच घरात आपण अपराधी ठरतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा पेनड्राइव्ह बिघडला नसता, तर माझं मत आहे तिथेच राहिलं असतं.

बाई निवृत्त शिक्षिका. माहेर वाईकडचं. सुट्टीत माहेरी गेल्या की म्हाताऱ्या बायकांकडे बसून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायच्या, असा त्यांचा अनेक वर्षांचा उद्योग. वह्या भरल्या, वह्या डीटीपीवाल्याकडे गेल्या, त्याने श्रीलिपीत टाइप करून पेनड्राइव्हमध्ये दिल्या. वह्या पुढे घर बदलताना गेल्या. आणि एके दिवशी पेनड्राइव्ह लावल्यावर संगणक म्हणाला, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. करू?

बाई तो घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. काउंटरवरच्या मुलाने लावून बघितला आणि म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो काकू, पेनड्राइव्ह एकदम मस्त चालेल." खोटं नव्हतं बोलला. पेनड्राइव्ह चालला असता. बाईंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी तो मागून घेतला आणि जिना चढण्याआधी ए विंगची बेल दाबली.

मी तेव्हा नेमका तिथे होतो, मेंटेनन्सची पावती घ्यायला. दुकानातली हकिगत ऐकून रिफ्रेशराव जे संतापले, तसे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "पेनड्राइव्ह बाजारात चारशे रुपयांना मिळतो हो! तो चालवून काय करायचाय? बाईंच्या ओव्या कुठल्या बाजारात मिळतात?" मग बसले, पेनड्राइव्ह लावला, ती 'फॉरमॅट करू का' वाली चौकट आली. त्यांनी ती बंद केली. रिफ्रेश केलं. परत चौकट आली, परत बंद केली, परत रिफ्रेश. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिफ्रेशने काही होत नाही हे या माणसाला आपल्या सगळ्यांहून चांगलं ठाऊक आहे. पण हात रिफ्रेशमध्ये गुंतलेला असेपर्यंत तो दुसरं काही दाबत नाही. चौकटीतलं 'हो' दाबायची घाई झालेल्या जगात हा गृहस्थ तेवढा वेळ काढतो.

त्यांनी त्या पेनड्राइव्हवर एक अक्षर लिहू दिलं नाही. आधी त्याची आहे तशी पूर्ण नक्कल घेतली आणि मग फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्या नकलेवर चालवलं. नावात फोटो असलं तरी ते वर्डच्या फायलीही उकरून काढतं. काढतं, पण नावं परत देत नाही. एफ आणि पुढे भलेमोठे आकडे, अशा शेकडो फायली. उघडल्या तर आत ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण यांच्या संगणकावर श्रीलिपी कुठे होती? मग डीटीपीवाल्याचा शोध. त्याने धंदा बंद करून पोळी-भाजी केंद्र काढलं होतं. जुना संगणक माळ्यावर होता, तो खाली उतरवून फॉन्ट मिळवले. त्यानंतर रिफ्रेशराव एकेक फाइल उघडत, पहिल्या ओळी वाचत आणि तिला नाव देत. महिना-दीड महिना हेच चाललं होतं. जन्मात कवितेच्या वाटेला न गेलेला हा माणूस एका रात्री जिन्यात बाईंना विचारत होता, "बाई, भावाच्या ओव्या आणि माहेरच्या ओव्या एकाच फोल्डरमध्ये टाकू, की वेगळ्या? भाऊ माहेरीच असतो म्हणून विचारलं."

पैसे घेतले नाहीत. मात्र तीन ठिकाणी कॉपी ठेवत नाही म्हणून बाईंना सगळ्यांदेखत इतकं बोलले, की आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडलेल्या त्या बाई खाली मान घालून उभ्या. तेव्हा गुण गायला जावं, तर हे मधूनमधून असे आवरायला लावतात.

बाईंनीच मग कमिटीकडे धरलं की त्यांचा सत्कार करा. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाल, श्रीफळ आणि भेट म्हणून पेनड्राइव्ह दिला. साधासुधा नाही, २ टीबीचा! वेष्टनावर चकचकीत अक्षरात तसं छापलेलं होतं. खजिनदारांनी तो स्वतः निवडून आणला होता, व्हाउचर २,४०० रुपयांचं. रिफ्रेशराव गहिवरले वगैरे नाहीत. पेनड्राइव्ह नाकाजवळ धरून बघितला आणि शालीसकट घरी निघून गेले.

पुढच्या मासिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' आले, तेव्हा ते लॅपटॉप घेऊनच उभे राहिले. त्यांनी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू लावून दोन रात्री तो पेनड्राइव्ह भरून बघितला होता. ही सोय अशी की डेटा ठासून लिहिते आणि लिहिलेलं तेच परत वाचता येतं का ते पाहते. पडद्यावर २ टीबी दिसतात ते खरे नव्हेत. आतल्या चिपला तसं सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढचं ती गुपचूप टाकून देते, नाहीतर आधीच्यावरच लिहिते, आणि वर सगळं साठवल्याचं सांगते. "हिच्यात ३२ जीबीसुद्धा धड नाहीत," रिफ्रेशराव म्हणाले. "आता मला असं विचारायचंय, की दुकानदाराने कमिटीला फसवलंय, की आणखी कुणी कुणाला? बिल बघायला मिळेल?"

सभेत टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. सेक्रेटरींनी चष्मा पुसायला घेतला. बाई पहिल्या रांगेत ताठ बसून खजिनदारांकडे, वर्गात बघत असतील तशा, बघत होत्या. खजिनदारांनी फाइल चाळली, मागेपुढे केली, बिल काही निघेना. अखेर ते लॅपटॉपकडे बोट दाखवून अत्यंत अदबीने म्हणाले,

"साहेब, आपण एकदा रिफ्रेश करून बघता का?"