गेटच्या आत गाडी लावा, पैसे आगाऊ द्या

ऐकलंत का? पुणेकर स्वतःची पार्किंगची जागा परक्याला द्यायला लागलेत! अहो, खरंच. ज्या गेटवर ‘येथे गाडी लावल्यास चाकातील हवा सोडली जाईल’ ही पाटी पिढीजात लटकते आहे, त्याच गेटातून कुणाची कोण ती गाडी ऐटीत आत शिरते आणि तळमजल्यावरचे काका बनियनवर बाहेर येऊन ‘येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे मारा... बास!’ करतात. कालपरवापर्यंत हेच काका पाहुण्याच्या स्कूटरकडेसुद्धा ‘किती वेळ थांबणार?’ अशा नजरेनं बघायचे. माणूस एवढा बदलतो? की पहिल्या तारखेला खात्यात पडणारे पैसे त्याला बदलवतात?

काही लाजलज्जा आहे की नाही! बापजाद्यांनी वाड्याच्या अंगणात तुळस लावली, बिल्डरनं वाडा पाडून तिथं पार्किंग काढलं आणि आता आपण तिथं दुसऱ्याची गाडी उभी करून भाडं खायचं? सदाशिव पेठेत गल्लोगल्ली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका. पोरं दिवसभर आत आणि त्यांच्या दुचाक्या दिवसभर बाहेर. एवढं गिऱ्हाईक दारात उभं असताना कुणाला राहवेल? मग जिन्याखालची गंजकी सायकल अचानक भंगारात जाते, ‘आजोबांची आठवण’ म्हणून ठेवलेली बंद स्कूटर तिच्या मागोमाग जाते आणि मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात चार दुचाक्या दाटीवाटीनं उभ्या राहतात. लग्नाचा बस्ता बांधायला लक्ष्मी रस्त्यावर आलेली मंडळी म्हणजे तर दुभती गाय. एका शालूला तीन तास लागतात आणि काकांचं मीटर तासाचं. पेठेतलं बाकी सगळं दुपारी १ ते ४ बंद असेल, पार्किंग मात्र चालू!

आणि हे लोण फक्त पेठेतच आहे म्हणता? ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो धावली आणि पौड रस्ता-कर्वे रस्त्याच्या आसपासच्या लोकांना नवाच साक्षात्कार झाला. मेट्रोत बसायला माणूस स्टेशनपर्यंत दुचाकीवर येणार, पण ती लावणार कुठं? दुसऱ्याच्या पोटात कळ आली, की आपल्याकडे ओवा निघतोच. ‘स्टेशनपासून चालत दोन मिनिटं’ हे शब्द पूर्वी फ्लॅट विकताना कामी यायचे, आता खांबामागची चार फूट जागासुद्धा त्यावर खपते.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप वाचलेत का तुम्ही? ‘स्टिल्टमधली जागा मोकळी. सोम. ते शुक्र., सकाळी ९ ते ६. फक्त छोटी गाडी. ऑइल गळत असल्यास खाली घालायला पुठ्ठा स्वतःचा आणावा. रिव्हर्सचं गाणं बंद ठेवावं. सभ्य कुटुंबास प्राधान्य.’ आता गाडीचं कुटुंब सभ्य आहे, हे बॉनेट उघडून बघायचं का? तरी चौकशांची रांग लागते. गाडीची लांबी किती, आरसे मिटतात का, ड्रायव्हर पान खातो का, सगळं विचारून झाल्यावर मग होकार.

सर्वांत बहारदार प्रकरण सेक्रेटरींचं. ‘सोसायटीत बाहेरच्यांच्या गाड्या येतातच कशा?’ म्हणून सर्वसाधारण सभेत टेबल आपटणारे हेच गृहस्थ. आदर्श उपविधी त्यांना तोंडपाठ: गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं. इमारतीखालची स्टिल्टची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलंय, तेही ते सुनावतात. म्हणजे जी जागा धड आपल्या मालकीचीही नाही, ती आपण भाड्यानं देतोय! शिव शिव! आता प्रश्न एवढाच, की गेले काही महिने सेक्रेटरींच्या जागेवर उभी असते ती पांढरी गाडी कुणाची? ‘भाचा आलाय.’ रोज सकाळी नऊला येतो आणि सहाला जातो असा नोकरदार भाचा कुणाला लाभतो हो?

आणि आठवतंय ना २०१८? महापालिकेच्याच अहवालानुसार त्या वर्षी शहरात माणसं सुमारे ३५ लाख आणि वाहनं ३६ लाखांच्या वर. त्याच मार्चमध्ये महापालिकेनं पार्किंग धोरण आणलं. रात्री रस्त्यावर गाडी लावायचे पैसे? केवढं रान उठवलं आपण! जिझिया कर काय, मोगलाई काय. शेवटी रात्रीचं शुल्क वगळलं, धोरण पाच रस्त्यांपुरतं उरलं आणि तेही कागदावर राहिलं. पालिकेनं मागितले तर लूट, आपण घेतले तर ‘देखभाल खर्च’!

जगानं हा उद्योग आधीच केलाय म्हणे. लंडनमध्ये २००६ साली घरापुढची जागा भाड्यानं देणारी वेबसाइट निघाली, तीच आज जस्टपार्क म्हणून ओळखली जाते. विम्बल्डन आलं, की तिथली मंडळीही दारातली जागा देऊन हात धुऊन घेतात. सॅन फ्रान्सिस्कोत तर २०१४ मध्ये मंकी पार्किंग नावाचं ॲप चक्क सार्वजनिक रस्त्यावरची जागा सोडण्याचे पैसे घ्यायला निघालं होतं. शहराच्या वकिलांनी नोटीस धाडली. आपल्याकडे रस्त्यावरची जागा अडवायला मोडकी खुर्ची पुरते, त्याला ॲप कशाला?

त्यातून मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री सांगून गेलेत, की पार्किंगचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही. जपाननं हे १९६२ पासून चालवलंय. उद्या आपल्याकडे खरंच झालं, तर? गाडी हप्त्यानं मिळेल, पण जागेसाठी पागडी मोजावी लागेल. लग्नाच्या बाजारात ‘मुलाला स्वतःची पार्किंग आहे’ हे पगाराच्या आधी सांगतील.

आपण नाकं मुरडत हे सगळं वाचतोय खरं, पण खालची जागा नक्की कुणाला दिलीय, ते एकमेकांना विचारायचं नाही, असं ठरलेलंच आहे. तुम्ही अजून दिली नसेल, तर घाई करा. गणपतीत पेठेतले रस्ते बंद होतात आणि तेव्हाचा भाव आधी ठरवून ठेवावा लागतो. पैसे आगाऊच घ्या.