वस्तादांचा राखीव डाव कसा काढून घ्यावा

चांगला वस्ताद एक डाव हातचा राखून ठेवतो, ही समजूत छत्रपती संभाजीनगरात लाल मातीच्या तालमीपासून गच्चीवरच्या कराटेच्या वर्गापर्यंत पक्की आहे. तेव्हा शहाण्या शिष्याने बाकीचे डाव शिकण्यात वर्षे न घालवता थेट तोच मागावा. आधाराला फारसी कवी सादीचे ‘गुलिस्तान’ आहे. १२५८ सालचा हा ग्रंथ म्हणजे मोगलाईत नि निजामशाहीत फारसी शिकणाऱ्या पोरांचे क्रमिक पुस्तकच. त्यातल्या पहिलवानाला ३६० डाव येत आणि तो रोज नवा डाव खेळे. लाडक्या शिष्याला त्याने ३५९ शिकवले. शिष्याने राजापुढे बढाई मारली आणि राहिलेल्या एका डावावर चीत झाला. लोक यावरून गुरूला चिक्कू ठरवतात. पण रोजी एक डाव धरला तर तूट भरते अवघ्या एका दिवसाची, आणि त्या दिवशी पोराने दांडी मारली होती का, याची चौकशी कोणी केलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, डाव मुद्दाम राखल्याची कबुली गोष्टीत गुरूच देतो. देतो खरा. पण शिष्याला चीत केल्यावर कोणता वस्ताद ‘हा तुलाही शिकवला होता, तू विसरलास’ असे चारचौघांत सांगेल? शिवाय आपल्याकडचा पुरावा उलट आहे. निजामाचे अली आणि गुलाब हे मल्ल दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आव्हान घेऊन आले, तेव्हा आपले संभाजीनगरही निजामाच्याच मुलखात होते. आख्यायिका अशी, की बाळंभटदादा देवधरांनी वणीच्या सप्तशृंगीवर आराधना केली, वानराच्या उड्यांवरून डाव उचलले आणि दोघांना भारी पडले. एवढे गुपित हाती लागल्यावर माणसाने ते पेटीत ठेवावे. दादांनी त्याचा मल्लखांब करून उघड्यावर पुरला! अढी कशी घालायची हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते, चोरीला पूर्ण मुभा आहे. तरी एरंडेल चोळलेल्या लाकडावर चोराच्या मांड्या घसरतात, आणि दोष मात्र वस्तादाच्या राखीव डावाला जातो.

मग कराटे-ज्युदोचे रंगीत पट्टे कशाला, असा व्यवहारी आक्षेप येतो. कानोंनी १८८२ मध्ये तोक्योत ज्युदोची शाळा काढली, तेव्हा रंगांची ही रांग नव्हती. ती १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये कावाईशींच्या हाताखाली फोफावली. युरोपी शिष्यांना धीर कमी, म्हणून टप्प्याटप्प्याने रंग. आपल्याला धीर त्याहून कमी असल्याने पट्टा जरूर घ्यावा, फोटोही काढावा.

राहिला यंत्राचा आक्षेप. इथल्या विद्यापीठाच्या आवारातल्या ‘साई’च्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, केंद्रात तलवारबाजी शिकवतात. एपी प्रकारात टोकावर ७५० ग्रॅमचा दाब पडला की दिवा लागतो. तिथे गुरूची मेहेरबानी कशाला? पण दिवा काहीही म्हणो, लढतीच्या आधी आणि नंतर प्रतिस्पर्ध्याला सलामी द्यावीच लागते. टाळणाऱ्याला नियमाने शिक्षा आहे.

तेव्हा कृती अशी: पहाटे तालमीत जावे, सलामी द्यावी, आवाज नरम ठेवून शेवटचा डाव मागावा. वस्ताद बहुधा काही बोलणार नाहीत. कोपऱ्यातल्या फावड्याकडे बोट दाखवतील. हौदा खणायचा असतो, मातीत ताक, हळद, तेल कालवायचे असते. खणताना वर पाहू नये.