पिन हातानेच टेकवावी

आमच्या टर्नटेबलला पिन अलगद खाली सोडणारा लिव्हर आहे. आत सिलिकॉनचं तेल असतं, त्यामुळे आर्म मंगल कार्यालयात शिरणाऱ्या व्याह्यांसारखा सावकाश उतरतो. एकटा असलो की मी तो मुकाट वापरतो. पाहुण्यांसमोर मात्र छे!

तेव्हा आर्म तर्जनीवर तोलायचा, श्वास रोखायचा आणि दोन गाण्यांमधल्या चकचकीत पट्टीवर पिन सोडायची. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे फेऱ्याला १.८ सेकंद. मिलिमीटरभरात आठ-दहा खाचा. हात तेवढा चुकला की १५ सेकंद गेलेच. विलंबित ख्यालात कुणाचं काही बिघडत नाही, बुवा अजून षड्जावरच असतात. नाट्यपदात मात्र अख्खा मुखडा गळतो. मग मी डोळे मिटून म्हणतो, "खरी मजा इथून पुढे आहे."

शिवाय मला खाचा वाचता येतात. हे खूळ फिलाडेल्फियाच्या डॉ. आर्थर लिंटगेन यांचं. लेबल झाकलेली तबकडी नुसती न्याहाळून हे गृहस्थ आत कोणती सिंफनी आहे ते सांगत. भोंदूंचं पितळ उघडं पाडणाऱ्या जेम्स रँडी या जादूगाराने १९८२ साली त्यांची परीक्षा घेतली आणि डॉक्टर पास झाले. चमत्कार काही नव्हता. वाद्यमेळ जोरात आला की खाच जास्त नागमोडी होते, तिथून उजेड वेगळा परततो. बाकी पाठांतर, कोणता भाग किती लांब याचं. त्यांची हद्द बीथोवन आणि पुढच्या वाद्यवृंदांपुरती. आमच्या बुवांची तबियत कोणत्या खाचेत वाचणार होते, कोण जाणे! तर मीही तबकडी ट्यूबलाइटखाली तिरपी धरतो, भुवया चढवतो आणि म्हणतो, "हं. नाट्यगीतं."

"लेबलवर लिहिलंय ते," बायको म्हणते.

चोरबाजारात घेतलेल्या एका एलपीवर मधोमध मिलिमीटरभर राखाडी कडं आहे. दुकानदाराने "माल खराब आहे" म्हणत आपणहून भाव उतरवला. घरी लावली. आधीचं गाणं स्वच्छ, नंतरचंही स्वच्छ. मधली एक तानांची जागा तेवढी खरखरणारी. कुणीतरी ती जागा गळ्यावर चढवत होतं. पिन उचलायची, मागे ठेवायची, म्हणून पाहायची, पुन्हा उचलायची. शिकवणी परवडत नसेल, किंवा घरच्यांना गाणं चालत नसेल. जागा गळ्यातून निघाली की नाही, हेही कळायला मार्ग नाही. हल्ली सीलबंद तबकड्या फ्रेम करून भिंतीवर टांगणारे लोक या एलपीकडे पाहून नाक मुरडतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

मला खटकतं ते वेगळंच. त्या कड्याची बाहेरची कड रेघ ओढल्यासारखी साफ आहे. म्हणजे त्या माणसाची पिन दर खेपेला नेमकी तिथेच पडत होती. तीही खोलीत एकही पाहुणा नसताना!