पल्ल्यातले काका

तोफकाकांना लग्नपत्रिका द्यायची असेल तर हाताशी वेळ ठेवून जावं. ते वधूवरांची नावं वाचत नाहीत, 'कृपया आहेर आणू नये' हेही वाचत नाहीत. थेट खाली मंगल कार्यालयाच्या पत्त्यावर उतरतात. "वर्धा रोड? विमानतळाच्या अलीकडे का पलीकडे?" आपण अलीकडे म्हटलं की चेहरा खुलतो. "मंग पल्ल्यात आहे!"

पल्ला कुणाचा, तर 9.2 इंची हॉवित्झरचा. ब्रिटिशांची ही वेढ्याची तोफ पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, 1914 साली चाचणीला उभी राहिली. काकांनी ती मनातल्या मनात नागपूरच्या झीरो माइलच्या खांबाशी रोवली आहे. मार्क वनचा पल्ला नऊ किलोमीटरच्या थोडा वर, म्हणून सोनेगावचं विमानतळ तिच्या टप्प्यात. कोराडीला मार्क टू लागते. कामठी दोघींच्याही बाहेर. कामठीची लग्नं काका म्हणूनच टाळतात, असं कॉलनीतले पोट्टे म्हणतात. खरं कारण गुडघे आहे.

काका अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात किंवा सोसायटीचे सेक्रेटरी होतात. काकांनी स्वखर्चाने एक व्हर्नियर कॅलिपर घेतला आणि तो सदऱ्याच्या खिशाला लावून हिंडू लागले. संत्री विकत घेताना ते आधी व्यास घेतात. संत्रेवाल्यांनीही आता हूं की चूं करणं सोडलं आहे.

या तोफेच्या पहिल्या नमुन्याचं नाव 'मदर'. काका सरळ 'माय' म्हणतात. ती लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आहे. काकूंचं म्हणणं असं, की सासूबाईंचं सगळं केलं, दिवस घातले, आता ही दुसरी कुठून निघाली? "अन् ही तं मरतही नाही!"

मायचा एक गुण काकांना सगळ्यात प्रिय. गोळा 290 पाउंडांचा, म्हणजे एकशे तीस किलोंच्या वर. तो सुटला की तोफ पुढून उचलली जायची. म्हणून पुढ्यात एक लोखंडी पेटी बसवायची आणि तिच्यात नऊ टन माती भरायची. एवढं मोठं विलायती यंत्र, तीन भाग करून ओढत न्यायचं, जोडायचं, आणि शेवटी सैनिकांच्या हातात फावडं! काकांचं सगळं तत्त्वज्ञान या पेटीतून निघालं आहे. मे महिन्यात कूलर थरथरला, "समोरून वजन द्या." शेजारच्या पोराने नोकरी सोडली, "पोट्ट्यात दम आहे, पेटीत माती नाही." नव्या नगरसेवकाबद्दलही त्यांचं मत हेच आहे. या एका बाबतीत मी काकांच्या बाजूचा आहे.

2018 च्या डिसेंबरात कस्तुरचंद पार्कात खोदकाम चालू असताना जुन्या तोफा निघाल्या. अख्खं नागपूर सेल्फी काढायला लोटलं. काकाही गेले आणि पडल्या चेहऱ्याने परत आले. "तोंडातून भरायच्या आहेत बाप्पा. दारू घाला, गोळा घाला, ठासा. अन् धक्का खायची सोयच नाही, उडवली का आख्खी गाडी मागं." फ्रेंचांनी 1897 साली धक्का तेल-हवेच्या नळ्यांत जिरवणारी 75 मिलिमीटरची तोफ काढली. त्याच्या आधीचं सगळं काकांच्या लेखी दिवाळीचं सामान. 1817 ची सीताबर्डीची लढाईसुद्धा.

त्याच पार्काजवळ तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर एका कॉलेजकुमाराने तोंड उघडलं. जर्मनांच्या बिग बर्थाने सव्वाशे किलोमीटरवरून पॅरिस ठोकलं, म्हणे. काकांनी प्लेट खाली ठेवली.

"काय बोलून राहिला बे? बर्था क्रुपची, 42 सेंटीमीटरची. 1914 च्या ऑगस्टात लिएजचे किल्ले फोडले तिनं. पल्ला नवाच्या आसपास. पॅरिसवाली वेगळी, 1918 ची, सडपातळ." मग पोह्यांचा ढीग म्हणजे मातीची पेटी, त्यात खोवलेली तळलेली मिरची म्हणजे नळी, आणि तर्रीतले चणे म्हणजे गोळे, अशी मायची मांडणी झाली. मिरचीला पंचेचाळीस अंशांचा कोन दिला. तेवढ्यात तर्री पाझरून पेटी ढासळली, ती चमच्याने पुन्हा थापली. पोरगा हात जोडून उभा.

मग त्यानेच विचारलं, "काका, तुम्ही तोफ उडताना पाह्यली असन ना लय?"

ठेलेवाल्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मिरचीकडे.

"आमच्याकडं नुसतं कवच बनते," ते म्हणाले. "पोलादाचं, रिकामं. भरायला जाते चांद्याच्या फॅक्टरीत, तिकडं भद्रावतीला. दारू भंडाऱ्याची. चाचणी इटारसीला."

"मंग इटारसीला गेले नाही कधी?"

"तीनशे किलोमीटर आहे बे इटारसी," काका म्हणाले, मिरचीचा तुकडा मोडत. "पॅरिसवाली लावली तरी पोचत नाही." आणि तर्री वाढायला प्लेट पुढे केली.