अंड्यांच्या गाडीतून शिरूर ते दौंड

माझी पेन्शन दोन हजार आठशे सेहेचाळीस रुपये. हा आकडा मी लपवत नाही, लपवण्याइतका तो मोठाच नाही. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात ३१ वर्षं लोकांच्या हजेऱ्या मांडल्या आणि शेवटी ईपीएस पंच्याण्णवनं माझी मांडली ती अशी. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपये आहे, म्हणजे आपल्याला जवळजवळ तिप्पट मिळते, असं मी हिला समजावतो. "तिप्पट म्हणजे किती किलो शेंगदाणे?" असं ती विचारते. फंडाचे पैसे पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत आहेत, ८.२ टक्क्यांनी. त्याचं व्याज दर तीन महिन्यांनी येतं. तेव्हा आम्ही दोन दिवस श्रीमंत असतो.

अशाच एका श्रीमंतीच्या दिवशी मेलबर्नच्या भाच्यानं व्हिडिओ पाठवला. तिकडं म्हणे म्हातारे नवरा-बायको घरासारखी गाडी घेऊन देशभर हिंडतात, त्यांना 'ग्रे नोमॅड' म्हणतात. व्हिडिओतला म्हातारा अर्ध्या चड्डीत खुर्ची टाकून समुद्राकडं बघत होता. माझ्याकडं तिन्ही गोष्टी होत्या. फक्त समुद्र नव्हता, त्याऐवजी घोडनदी होती.

आपल्या सरकारनंही २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण काढलंय, हे मी हिला ठासून सांगितलं आणि एका ठिकाणी भाड्यासाठी फोन केला. मुलीनं आकडा सांगितला. म्हटलं, "महिन्याचं नको, दिवसाचं सांगा."

"दिवसाचंच आहे, काका."

हिचं म्हणणं, एसटी असताना ही थेरं कशाला? १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली ती आमच्या शिरूरवरून, त्यामुळं एसटी ही शिरूरकरांना घरची वाटते. शिवाय मी अडुसष्ट वर्षांचा, म्हणून अर्धं तिकीट. बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं. दोघांचं मिळून एक तिकीट. एसटीच्या हिशेबी आम्ही दोघं मिळून एक माणूस आहोत. पंच्याहत्तरी गाठली की मी फुकट, आणि निदान तेवढ्यासाठी मी तब्येत सांभाळावी असं तिला वाटतं.

पण मेव्हण्यानं घात केला. त्याची बंद बॉडीची पिकअप आहे, पोल्ट्रीची अंडी वाहायची. "दाजी, डिझेल टाका अन् न्या. फक्त सोमवारी पहाटे माल भरायचाय, त्याच्या आत आणा." मी आतून दोनदा फिनेलनं धुतली. त्यानं अंड्यांचा वास गेला नाही, अंड्यांना फिनेलचा वास लागला. गादी, स्टोव्ह, पाण्याचे दोन कॅन, चार्जिंगची बॅटरी आणि माझी खुर्ची टाकून जानेवारीतल्या शनिवारी आम्ही निघालो. रांजणगावच्या गणपतीला आदल्या आठवड्यातच एसटीनं जाऊन आलो होतो, म्हणून थेट न्हावऱ्याचा रस्ता धरला. चौफुल्यावरून दौंड, पुढं सिद्धटेक, असा बेत होता.

न्हावऱ्याच्या पुढं अंधार पडला. उसाचे दिवस. समोर एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीमागं दिवा म्हणून ड्रायव्हरची श्रद्धा. माझे डोळे दिपायला लागले. तेवढ्यात उसाच्या कडेला, एका पाणंदीत, शेळी ओरडली.

"शेळी आहे म्हणजे वस्ती आहे," मी म्हणालो आणि गाडी तिच्या शेजारी लावली. हे वाक्य मला हिनं अजून विसरू दिलेलं नाही.

भाकरी-ठेचा झाला. झोपायची वेळ आली तेव्हा कळलं, की गाडीच्या मागच्या दाराला कडी फक्त बाहेरून आहे. बरोबरच आहे, आजवरच्या प्रवाशांपैकी कुणालाच आतून दार लावायची गरज पडली नव्हती. शेवटी हिच्या परकराची नाडी दाराच्या पट्टीला बांधली आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. मी झोपेत कूस बदलली की दार उघडायचं आणि डास आत यायचे. शेळी तर थांबायचं नाव घेईना.

"अहो, त्या मुक्या जिवाला कुणी पाणी ठेवलंय का बघा."

रात्री मला दोनदा उठावं लागतं. प्रोस्टेट. दोन वाजता नाडी हिच्या हातात दिली, बॅटरी घेऊन उतरलो. गोठा चांगला लोखंडी होता. वर उसाचं पाचट, फांद्या. शेळी मागच्या कप्प्यात, पुढचा भाग मोकळा आणि त्याचं दार वर उचललेलं. म्हटलं, काय एकेकाची हौस, शेळीला वन बीएचके! तिला अर्धी भाकरी दिली. वारा बोचत होता, म्हणून मोकळ्या भागात आडोशाला उभं राहून उरकावं असं मनात आलं. पण आत शिरायला वाकावं लागत होतं, आणि माझ्या कमरेला ते मंजूर नसतं. त्या कमरेवर मी आजवर बरंच तेल घालवलंय. सगळं वसूल झालं. बाहेरच उभा राहिलो आणि बॅटरीचा उजेड पाटीवर पडला. चष्मा गाडीत होता. वाचता आले ते दोनच शब्द: 'वन विभाग'.

ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहतो. आत गारवा, जवळ पाणी, आसपास कुत्री-शेळ्या. बिबट्याची मादी तिथंच पिल्लं घालते, आणि तोड सुरू झाली की लपण तुटून जनावर बाहेर पडतं. हे सगळं मी कारखान्यात पाहुण्यांना ऐटीत सांगायचो. सांगायची वेळ नेहमी दुपारची असायची.

गाडीपर्यंत मी कसा आलो ते मला आठवत नाही. एक चप्पल मात्र तिथंच राहिली. दार ओढलं तर आतून घट्ट.

"कोण?"

"मी!"

"मी कोण?"

चाळीस वर्षांच्या संसारात या प्रश्नाचं उत्तर मला कधी चटकन देता आलेलं नाही. पिंजरा हा शब्द ऐकल्यावर तिनं मला आत घेतलं, आणि पहाटेपर्यंत आम्ही दोघं नाडी धरून बसलो. "पुढं जाऊन झोपू," मी म्हणालो. पुढं जायला खाली उतरावं लागणार होतं. ऑस्ट्रेलियातला म्हातारा रात्री कुठं जातो, हे त्या व्हिडिओत दाखवलेलं नव्हतं.

उजाडलं तेव्हा दिसलं, की पाणंदीच्या पलीकडच्या पडीक रानात ऊसतोडीवाल्यांच्या आठ-दहा कोप्या होत्या. रात्रभर, पन्नास पावलांवर. पुरुष बैलगाड्या घेऊन केव्हाच फडात गेलेले. कडेवर पोर घेतलेली एक बाई आली, गाडीत डोकावली, गादी बघितली, स्टोव्ह बघितला.

"कोण्या टोळीचे तुम्ही, मावशी?"

"आम्ही पेन्शनवाले," ही म्हणाली.

बाई दारापाशी थांबली. पत्र्यावरून हात फिरवला. "दार हाये व्हय तुमाला. आतून लागतं?"

हिनं नाडी दाखवली. बाई हसली. "नाडी तर नाडी. आमच्या दाराला लुगडं हाये. पोरं मधी निजवतो आन् आपण कडंनी." पोर आमच्या खुर्चीकडं बघत होतं.

मला काही सुचेना. मी चप्पल शोधायला गेलो. शेळी भाकरी खाऊन गप्प बसली होती. पुढचं दार तसंच वर.

सिद्धटेकला भीमेचं पाणी छान होतं, अष्टविनायकांतला उजव्या सोंडेचा हा एकच. येताना दौंड स्टेशनवर चहा घेतला. मनमाडकडं जाणारी लाइन इथून १८७८ साली सुरू झाली, तेव्हापासून दौंड हे उतरून वाट बघायचं गाव. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद केली ती अजून चालू केलेली नाही, यावर मी बाकावरच्या एका अनोळखी गृहस्थांशी अर्धा तास भांडलो. ते माझ्याच बाजूचे होते.

घरी आल्यावर ही हिशेबाची वही घेऊन बसली. डिझेल १,५४०. चहा १२०. नारळ-फुलं ८०. नवी चप्पल २२०. मेव्हण्याला फिनेल ९०. आणि शेवटी तिच्या अक्षरात: बॅटरी, ४५०, हरवली.

पाणंदीतून गाडी मागं घेताना आरशात मला ती बॅटरी दिसली होती. ते पोर लख्ख उन्हात ती लावत होतं, विझवत होतं, परत लावत होतं. खोटी हजेरी मला लांबून कळते, आयुष्य त्यातच गेलंय. मी चष्मा पुसला आणि बेरीज केली. अडीच हजार रुपये.